मैना, रेडा आणि मागे बांधलेला मी

मित्रांनो, लॉरी गावात शिरली की तुम्ही पोरं धावत सुटता. तिचे दिवे बघता, भोंगा वाजवायला मागता. तिच्या मागे काय बांधलंय, ते मात्र कुणी वळून बघत नाही. तो मागे बांधलेला मी. चार चाकांचा, सागाच्या सोटांनी पाठ सोलवटून निघालेला एक जुना ट्रेलर. रत्नागिरीत मला सगळे ‘टेलर’च म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं नाही. ज्याला स्वतःचं इंजिन नाही, त्याने नावावरून भांडू नये.

सध्या माझा मुक्काम वखारीच्या मागे, माडांच्या सावलीत आहे. माझ्या पाठीवर कोंबड्या चढतात, एक तर तिथेच अंडी घालते. चालायचंच. पण कधी रस्त्यावरून एखादी भरलेली लॉरी कण्हत गेली की माझा पुढचा दांडा उगाच शिवशिवतो, आणि मग जुने दिवस आठवायला लागतात. ऐका तर.

आमचे मालक हरिश्चंद्र नागवेकर. बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरात कोळसा टाकायचं काम. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी मोटारीच्या मागे गाडा बांधून लाकडं नेताना पाहिली आणि डोक्यात किडा शिरला. एकोणीसशे सव्वीस साली बोट सोडून घरी आले ते लोखंडाचा एक भला मोठा आकडा घेऊन. त्यांची बायको गोदूबाई जन्मभर ते सांगत राहिली, “लोकांचे घोव लुगडी आणतात. ह्यांनी माझ्यासाठी आकडा आणला!”

त्या आकड्याभोवती मला बांधलं. ऐनाच्या लाकडाचे दांडे, एका मोडीत निघालेल्या लॉरीची भरीव रबराची चाकं, आणि आकड्याला एका फुटक्या गलबताची नांगराची साखळी. सुताराने शेवटचा खिळा मारला तेव्हा हरिश्चंद्रशेटनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “आता ह्याला ओढणारी पायजे.” माझं लग्नच ठरवत होते जणू.

ती आली दोन पडाव जोडून केलेल्या तराफ्यावरून, भर दुपारी, सगळं बंदर बघत असताना. अमेरिकन बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, दुसऱ्या हाताची लॉरी. हँडलला अर्धा फेरा दिला की गोड आवाज करून उठायची. तिचं नाव मैना ठेवलं ते केरूने.

केरू हातखंब्याच्या बाजूचा. शेटचा बैलगाडीवाला. बैल सोडून तो मैनाच्या स्टिअरिंगच्या चाकामागे बसला, पण पहिला महिनाभर चढण आली की तोंडाने “हॅक् हॅक्” चालूच. लोक हसायचे. केरूला फिकीर नव्हती. मुक्कामाला पोचला की तो मैनाच्या तापलेल्या नाकाडावर ओलं फडकं फिरवायचा आणि म्हणायचा, “दमलीस गो बाय?” मी मागे उभा. मी दमलो का, हे विचारलं नाही कुणी. असो.

आमचं काम सोपं आणि जड होतं. देवरुखाकडच्या रानातून सागाचे लांबलचक सोट, म्हणजे अख्खे ओंडके, आणायचे आणि समुद्रकाठी गलबतं बांधणाऱ्यांना द्यायचे. गलबताच्या तळाला एकसंध लाकूड लागतं, त्याचा कणाच तो. तो कणा माझ्या पाठीवरून यायचा. किनाऱ्यावर नवं गलबत पाण्यात उतरलं की केरू माझ्या दांड्यावर बसून बघायचा आणि आपल्या भावाला म्हणायचा, “सदू, बघ रे, आपला सोट चालला समुद्रात.” सदू त्याचा धाकटा भाऊ. तिशीचा, अबोल, माझ्या शेपटीवर बसणारा एकटाच माणूस.

तो तिथे का बसायचा? तर मला ब्रेक नव्हता. बावनदी ओलांडली की निवळीची चढण लागते, हातखंब्यापर्यंत. त्या चढणीवर गाडी मागे सरकली तर माझ्या चाकामागे लाकडी ठोकळा टाकायचा, हे सदूचं काम. ठोकळा मांडीवर घेऊन तो बसायचा, पाय खाली सोडून.

त्या चढणीच्या ऐन मध्यावर, जिथे रस्ता सगळ्यात उभा, तिथे राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, पाषाण आहे. आपल्याकडची जुनी रीत अशी की गाडीवानाने तिथे थांबायचं, विडा नाहीतर नारळ ठेवायचा, आणि मग पुढे जायचं. शहाण्या माणसाने लावलेली रीत असणार ती. देवाला विडा मिळतो आणि बैलांना दम खायला मिळतो.

पण मैनाचं तसं नव्हतं. मैना धावणारी. नदीपासून वेग घ्यायचा आणि त्या वेगावरच वर जायचं, हीच तिची तऱ्हा. भरल्या टेलरनिशी ती मध्येच उभी राहिली तर पुन्हा निघायची नाही. पुढची चाकं नाचायची, मागची जागच्या जागी फिरायची, आणि माझी साखळी खाड्‌खाड् वाजायची. म्हणून केरूने राखणदाराशी आपला एक करार केला होता. भरलेला वर जाताना तो खिडकीतून विडा फेकायचा आणि ओरडायचा, “म्हाराजा, येताना थांबतो रे!” आणि रिकामा परत येताना खरंच थांबायचा, नारळ फोडायचा, कान पकडायचा. जाताना हाक, येताना नारळ. इतकी वर्षं त्याने हा करार मोडला नाही.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. पहाटेची धुकट वाट, मैनाच्या पेट्रोलचा वास, सोटांतून गळणारा ताजा चीक, आणि हातखंब्याला पोचलं की चहाच्या टपरीवरची माणसं “आली रे मैना!” म्हणत बाहेर यायची. मैना आली म्हणत, टेलर आला असं कुणी म्हणत नसे. पण खरं सांगतो, मला तेही गोड लागायचं.

चौतीस साली शेट तापाने गेले. गोदूबाईने रडून घेतलं, डोळे पुसले, आणि तेराव्यानंतर वखारीच्या दारात बाकडं टाकून बसली. “धंदा बंद करू?” म्हणून विचारायला आलेल्या दिराला तिने सरळ सांगितलं, “तुमच्या भावाने लुगडं नाय आणलंनी, आकडा आणलानी. तो काय मी नेसू?” धंदा चालू राहिला.

पस्तीस सालच्या वैशाखात मात्र एक गोष्ट घडली, ती मला, केरूला आणि सदूलाच ठाऊक. ऊन असं की दगड तडतडत होते. माझ्यावर दोन सोट. मैना निवळीची चढण अर्धी चढली, आणि राखणदाराच्या जरा खाली तिला ठसका लागला. उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. एक आचका, दुसरा आचका, आणि इंजिन गप्प.

मैनाच्या ब्रेकला दोघांचं ओझं पेलेना, आणि मी मागे सरकायला लागलो. माझ्यात तेव्हा थांबायची इच्छा होती, पण ब्रेक नव्हता. केरू वरून ओरडला, “सदू, उडी मार! सोड!” सदूने उडी मारली, पण सोडलं नाही. वाकला आणि ठोकळा माझ्या चाकामागे सारला. चाक ठोकळ्यावर चढलं, माझी शेपटी दरडीवर आपटली, मागचा दांडा कडकन तडकला, आणि आम्ही थांबलो. सदूच्या उजव्या हाताची दोन बोटं ठोकळ्याखाली होती.

त्याची बोटं गेली, मित्रांनो. माझ्याच चाकाने नेली.

केरूने आपलं मुंडासं फाडून त्याचा हात बांधला आणि तिथेच बसून हमसून रडला. मैना निवल्यावर तिला मागच्या गिअरात नदीपर्यंत उतरवून, पुन्हा वेग घेऊन आम्ही रत्नागिरी गाठली. पण गोदूबाईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “सोट उतरताना बोटं सापडली, वैनी.” माझ्या तडकलेल्या दांड्याला लोहाराकडून लोखंडी पट्टी मारून घेतली, आणि सांगितलं, वखारीत वळवताना भिंतीला लागला. सदू काही बोलला नाही, तो तसाही बोलतच नसे. केरू खोटं का बोलला? मैनासाठी. खरं कळलं तर वैनी मैनाला काढून टाकतील, ही भीती. प्रेमापायी माणूस कसा चुकतो, ते मी मागून बघत होतो.

सदतीस साल उजाडलं तेव्हा मैना थकली होती. तिला नवं इंजिन घालायचं, की तिला काढून नवीन निघालेली डिझेल लॉरी घ्यायची, हा प्रश्न वखारीच्या दारात येऊन बसला. दोन्ही करण्याची ऐपत नव्हती. अख्ख्या आळीला मत होतं. कुणी म्हणे पेट्रोलच बरं, गावातला कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो. डिझेलचा पंप बिघडला तर मुंबईहून बोटीने सामान येईपर्यंत बसा माश्या मारत. कुणी म्हणे डिझेलचं तेल निम्म्या पैशात भागतं. शेजारच्या यमुनाबाईने सुचवलं, “देवळात कौल लाव गो.” गोदूबाई म्हणाली, “देवाला डिझेलमधलं काय कळतं? त्याला नको त्यात ओढायला.”

मग मुंबईच्या एका मोटार कंपनीने डिझेल लॉरी परीक्षेला पाठवली. बरोबर त्यांचा ड्रायव्हर रावजी. मूळचा देवरुखाकडचाच, मुंबईच्या कारखान्यात शिकून तयार झालेला, अंगात खाकी डगला. लॉरी घेतली तर चालवायला रावजीच राहणार, अशी त्या लोकांची अट. म्हणजे केरूचं चाक गेलं. हे केरूला पहिल्या दिवशीच कळलं, आणि त्या दिवसापासून त्याला भाकरी गोड लागेना.

आणि ती लॉरी! काळी, रुंद, नाकाड बोथट. सकाळी उठवायला दोघांनी हँडल मारायचं, तरी आधी खोकायची, मग काळा धूर ओकायची, मग अशी धडधडायची की वखारीची कौलं थरथरायची. केरूने बघितलं आणि म्हणाला, “रेडा हाय हा.” ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

गोदूबाईने परीक्षा ठरवली. तोच सोट, तोच टेलर, तीच चढण. एक दिवस मैना, दुसऱ्या दिवशी रेडा. ती स्वतः हातखंब्याला वडाखाली बसणार. दोन्ही वेळी केरू लॉरीत असणार, आणि शेवटी निकाल तिने केरूला विचारायचा. लोकांनी कपाळावर हात मारला. ज्याचं पोट जाणार त्यालाच विचारायचं? गोदूबाई म्हणाली, “मला यंत्र कळत नाय. माणूस कळतो.”

पहिला दिवस मैनाचा. काय सांगू मित्रांनो! म्हातारपणीसुद्धा काय पळाली ती! नदीपासून सुटली ती सुसाट, केरूने विडा फेकला, “येताना थांबतो रे!” म्हणून ओरडला, आणि वाफा सोडत, धापा टाकत आम्ही हातखंबा गाठला. टपरीवरची माणसं टाळ्या वाजवत होती. केरूने मैनाच्या नाकाडावर फडकं फिरवलं. माझ्या साखळीची एक कडी त्या आचक्यांनी वाकली होती, पण ती कोण बघतो!

दुसरा दिवस रेड्याचा. रावजी चाकावर, केरू त्याच्या बाजूला तोंड वाकडं करून, सदू माझ्या शेपटीवर. रेडा चढणीला लागला तो असा हळू की रस्त्यावरची एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन आमच्या पुढे गेली. केरू खूष. “चालवतोस की फिरायला निघालास?” रावजी हसला नुसता.

राखणदाराचा पाषाण आला आणि रावजीने गाडी उभी केली.

“थांबू नको, मेल्या!” केरू किंचाळला. “भरला टेलर हाय मागे!”

“नवी गाडी हाय, केरूकाका. राखणदाराला थांबल्याबिगर पुढे न्यायची नाय, आयशीने बजावलंन.” असं म्हणून रावजी खाली उतरलासुद्धा. मुंबईला इंजिनं शिकला, पण आईची शिकवण काही विसरला नव्हता.

मागे सदूने उडी मारली होती. ठोकळा माझ्या चाकामागे धरून तो वाकला होता, तीन बोटांचा हात त्यावर घट्ट आवळून. चढण तीच, जागा जवळजवळ तीच. माझी पट्टी मारलेली जखम ठणकायला लागली. रावजीने सावकाश नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घातलं, प्रसादाची शेरणी वाटली. सदूला खोबरं द्यायला आला तर सदूला हात सोडवेना. मग रावजी वर चढला.

मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. वाट बघत होतो त्या खाड्‌कन बसणाऱ्या आचक्याची. आचका आलाच नाही. रेडा नुसता घुमला. माझ्या साखळीची एक कडी ताठ झाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि मी हललो. उभ्या चढणीवर, भरल्या पाठीनिशी, उभा असलेला मी पुढे हललो! एक तसूही मागे सरकलो नाही. ठोकळा सदूच्या हातात तसाच राहिला.

थोडं वर गेल्यावर केरू दार उघडून खाली उतरला. रेडा इतका हळू होता की माणूस बाजूने चालू शकत होता. केरू माझ्या बाजूने चालत राहिला, हातखंबा येईपर्यंत, एक हात माझ्या त्या लोखंडी पट्टीवर ठेवून. त्याचा हात घामाने ओला होता. मला वाटलं, आता ह्याच्या मनात काय चाललंय ते मी सोडून कुणालाच कळणार नाही.

गोदूबाई वडाखालून उठली. “काल मैना पाऊण तास आधी आली होती,” ती म्हणाली. टपरीवरची माणसं हसली. “रेडा तो रेडाच!” कुणीतरी ओरडलं. केरूला तोंडसुद्धा उघडायची गरज नव्हती. मान हलवली असती की झालं असतं. चाक त्याचं, मैना त्याची.

“बोल केरू,” गोदूबाई म्हणाली. “तू सांगशील तसं.”

केरूने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. “वैनी,” तो म्हणाला, “मैना धावते. तिच्यासारखी धावणारी ह्या रस्त्याला नाय झाली. पण हा ओढतो. मागे टेलर असला तर ओढणाराच पायजे.”

“मग उशीर का झाला?”

“राखणदाराला थांबला होता. भरल्या टेलरनिशी थांबला, वैनी, आणि निघाला. मी अकरा वर्षांत थांबलो नाय. भक्ती नव्हती म्हणून नाय, भीती होती म्हणून.” त्याने मागे सदूकडे हात केला. “सदूची बोटं सोट उतरताना नाय गेली. चढणीवर गेली. मैना मागे आली. मी खोटं बोललो.”

गोदूबाई सदूच्या हाताकडे बघत राहिली. “ह्या हाताला मी महिनाभर हळद बांधली रे,” ती हळूच म्हणाली. “तेव्हा पण नाय सांगितलंस?”

“मैनाला काढाल म्हणून भ्यालो. आता काढा. मला पण काढा.”

गोदूबाईचा राग मी पुष्कळदा पाहिला होता. त्या दिवशी ती ओरडली नाही. डोळ्याला पदर लावला, आणि मग रावजीकडे वळली. “लॉरी ठेवून जा. पण चाकावर तू नाय.”

“काकी, आमच्या मालकांची अट हाय—”

“अट तुझ्या मुंबईला. माझा सोट तोच आणणार, ज्याला ह्या चढणीची भीती ठाऊक हाय. महिनाभर राहा, ह्याला शिकव, माझ्याकडे जेव. मालकांना लिही, बाई ऐकत नाय म्हणून.” मग ती केरूकडे वळली. “आणि तू, मेल्या, पुन्हा खोटं बोललास तर तुलाच टेलरच्या मागे बांधीन!”

“मला जमेल, वैनी?”

“हॅक् हॅक् करीत मैना जमली ना?”

मैनाला तिने विकलं नाही. पावस गावाकडच्या बागांतल्या आंब्याच्या हलक्या पेट्या तिच्याकडे आल्या, मागे टेलर नाही, डोक्याला ताप नाही. आणि तिचं चाक दिलं सदूला. आठ बोटांनी तो ते असं हळुवार धरायचा की मैना परत तरुण झाली. समोरून आली की अजून गोड आवाज करायची. मला तेव्हा फार वाटायचं, पुन्हा एकदा हिच्या मागे जावं. आचके खात का होईना!

पण तुम्हाला सांगायचं राहिलं ते केरूच्या पहिल्या खेपेचं. रेडा, मागे मी, माझ्यावर दोन सोट. पाषाण आला. केरूने गाडी उभी केली. उतरला, पण पाषाणाकडे जायच्या आधी माझ्या मागे आला, आणि ठोकळा घेऊन वाकलेल्या सदूला दंडाला धरून उभा केला. त्या एका खेपेला सदू हट्टाने आला होता. केरूने त्याच्या हातातून ठोकळा घेतला, माझ्या पाठीवर ठेवला, आणि त्याच्या त्या तीन बोटांच्या हातात नारळ दिला. “तू फोड,” तो म्हणाला.

सदूने नारळ फोडला. कधी न बोलणारा सदू मोठ्याने म्हणाला, “म्हाराजा, आलो रे. जातानाच थांबलो.”

मित्रांनो, ओढणाऱ्याला टाळ्या जरूर द्या, मीही देतो. पण कुणी जड ओझं घेऊन चढण चढत असेल, तर किती वेळात आलास एवढंच विचारू नका. वाटेत थांबता येतं ना रे, हेही विचारा. आणि त्याच्या मागे ठोकळा घेऊन कोण बसलंय, ते एकदा वळून बघा. आता एक करा. ही कोंबडी उठली की माझ्या मागच्या दांड्यावरची लोखंडी पट्टी तेवढी पुसून द्या. गंज चढतोय तिच्यावर, आणि ती मला जपायची आहे.